लिमयेकाकांची हरकत

लिमयेकाकांना कोणी नमस्कार केला, की ते आधी त्याच्या हातात काय आहे ते बघत आणि मग नमस्कार परत करत. हात रिकामे असले तर त्यांचा संशय आणखी वाढे. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले, त्या दिवशी सामान चढवणारे लोक अजून जिन्यातच होते. समोरच्या दारातून पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातले एक उंच, सडसडीत गृहस्थ बाहेर आले आणि माझ्या खोक्यांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, पाणी हवंय का असं विचारतील. त्यांनी विचारलं, "भाड्याने की विकत?"

"विकत," मी म्हटलं.

"कितीला, ते विचारत नाही. तुम्ही खरं सांगणार नाही. एजंटाने पार्किंगची जागा दाखवली ती कुठली?"

मी जिन्याच्या खिडकीतून जांभळाखालची सावलीची जागा दाखवली.

"बरं," काका म्हणाले. "आणि खरं काय?"

जांभळाखालची जागा चेअरमन जगदाळ्यांची निघाली. माझी जागा मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांना लागून होती. तेव्हापासून समोरच्या दाराबद्दल माझ्या मनात आदर आणि धास्ती दोन्ही बसली, आणि ती शेवटपर्यंत राहिली.

"बरं. आणि खरं काय?" हे ते कोणालाही विचारत. माणसाने आपलं बोलणं पूर्ण केलं, मान हलवली, आता विषय संपला असं त्याला वाटलं, की हा प्रश्न यायचा. त्यात राग नसे, कुत्सितपणाही नसे. पोस्टमनने पत्ता विचारावा इतक्या सरळपणे ते विचारत. डॉक्टरांना विचारत, प्लंबरला विचारत, हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या टीव्हीला विचारत. माझ्या वास्तुशांतीला गुरुजींनी सकाळचा पहिलाच मुहूर्त कसा उत्तम आहे ते चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं. काका तिथे शेजारधर्म म्हणून बसले होते. त्यांनी प्रश्न टाकला. गुरुजी चाचरले आणि दुपारी कात्रजला आणखी एक पूजा घेतलीय हे सांगून मोकळे झाले.

कुठलीही जाहिरात ते खालून वर वाचत. वर्तमानपत्रातून पडलेलं पत्रक असो, बँकेचं माहितीपत्रक असो, आधी तळाची मुंगीएवढी अक्षरं, मग मधला मजकूर आणि सगळ्यात शेवटी मथळा. "खरं असतं ते तळाला ठेवतात," ते म्हणत. "वरचं वाचायला पैसे पडत नाहीत, खालचं न वाचायला पडतात." भाजी घ्यायला गेले तर ओळीतल्या पहिल्या गाडीकडे ढुंकून न बघता शेवटच्या गाडीपर्यंत चालत जात, तिथला भाव विचारत आणि भाव विचारत विचारत परत येत. तोवर सगळ्या गाडीवाल्यांना कळलेलं असे की लिमये आलेत. काही जण टोपलीवर फडकं टाकून चहाला निघून जात.

मूळचे ते कसबा पेठेतले. नोकरी सरकारी लेखापरीक्षणाची. तालुक्या-तालुक्यांच्या कचेऱ्यांत जायचं, दप्तर तपासायचं, चुका काढायच्या. दौऱ्यावर निघताना त्यांच्या पिशवीत थर्मासमध्ये घरचा चहा असे आणि डब्यात पोळी-भाजी. ज्याचं दप्तर तपासायचं त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही हा त्यांचा नेम. नोकरीतली एकच हकिगत त्यांनी मला सांगितली. एका गावी तिथल्या साहेबांच्या पत्नीने पुरणपोळीचा बेत केला होता. सगळी पंगत बसली आणि हे कोपऱ्यात आपला डबा उघडून बसले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्या माउलीने मनापासून केलं होतं, ते मला दिसत होतं," काका म्हणाले. "पण मन कागदावर दिसत नाही. उद्या कोणी म्हणालं असतं, लिमये पुरणपोळी जेवले आणि मग शेरा सौम्य लिहिला, तर मी काय दाखवणार होतो? अहो गद्रेबाई, सबंध नोकरीत माझ्याविरुद्ध एक ओळ नाही. दुसरं दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नाहीच."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अभिमानाने म्हटलं नाही. घरात एकच दागिना असलेला माणूस त्याच्याबद्दल बोलतो तसं म्हटलं. निवृत्तीनंतरही नेम चालूच होता. माझ्या घरी ते शेकडो वेळा आले असतील, पण चहा कधी घेतला नाही. दिवाळीत मी फराळाचं ताट पाठवलं की त्याच दिवशी तेवढंच भरलेलं ताट परत येई. माझ्या चकल्या आणि त्यांच्या विकतच्या चकल्या यांच्या संख्येत कधी फरक पडला नाही असा मला दाट संशय आहे.

अशा माणसाच्या हातात आमच्या सोसायटीने इंटरनेट दिलं.

त्याचं असं झालं. इमारत बांधली तेव्हापासून आमच्याकडे संतोष केबलवाल्याचंच नेट होतं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीला गेटच्या आत घेत नसत. "एकदा भिंती खोदायला दिल्या की संपलं," असं जगदाळे म्हणत, आणि आम्हाला ते पटत असे. संतोषचं नेट लहरी होतं. मी घरून जर्मन शिकवते. जर्मनीला जाऊ बघणारी इंजिनियर मुलं-मुली पडद्यावर वह्या उघडून बसलेली असतात, मी चतुर्थी विभक्ती समजावत असते आणि ऐन उदाहरणाच्या मध्यात माझं तोंड उघडं राहून चित्र अडकतं. एका विद्यार्थिनीने त्या अवस्थेतला माझा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. वरच्या मजल्यावर खराडीच्या कंपन्यांत काम करणारी दोन जोडपी होती, त्यांचे साहेब त्यांना विचारायला लागले की तुम्ही खरंच घरी असता का. शेवटी वार्षिक सभेत आरडाओरडा झाला आणि ठरलं, की बाजारात जे जे उपलब्ध आहे त्याच्या खर्चाची नीट तुलना करायची. कोण करणार, असं विचारल्यावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"करतो," काका म्हणाले. "मानधन नको, रिक्षाभाडं नको. आणि शेवटी आभाराचा ठराव नको."

त्यानंतर काही महिने त्यांच्या घरी कंपन्यांची माणसं येत राहिली. प्रत्येक भेटीला काका मला साक्षीला बसवत. पहिली आली ती एका मोठ्या कंपनीच्या फायबरची तरुणी. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. काकांनी आधी चष्मा लावून ते ओळखपत्र वाचलं, मग तिला खुर्ची दिली.

"सर, मंथली फक्त चारशे नव्व्याण्णव."

"म्हणजे पाचशे. वर कर?"

"हो सर, जीएसटी एक्स्ट्रा."

"म्हणजे पाचशे एकोणनव्वद. पुढे?"

"इन्स्टॉलेशन फ्री आहे सर!"

"फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने?"

ती हसली. तिला वाटलं, आजोबा गंमत करतायत. "म्हणजे सर, सहा महिन्यांचं पेमेंट एकदम केलं तर फ्री."

"म्हणजे माझ्याच. आणखी काय फुकट आहे?"

"राउटर सर."

"तो माझा होतो?"

"नाही, कनेक्शन बंद केलं की रिटर्न करायचा."

"मग तो फुकट नव्हे, उसना. वेग?"

"अप टू हंड्रेड सर. शंभरपर्यंत."

"पर्यंत," काका म्हणाले. "मीसुद्धा शंभर वर्षांपर्यंत जगणार आहे."

मग त्यांनी तिला चहा दिला. दुसऱ्याला चहा द्यायला त्यांची काही हरकत नसे. ती तिच्या गावाबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल बोलायला लागली, मोकळी झाली, आणि काकांनी अगदी सहज विचारलं, हे पाचशे एकोणनव्वद वर्षभर तेवढेच ना? तिसऱ्यांदा ते विचारलं तेव्हा तिने टॅबलेट उलटा ठेवला. "खरं सांगू का सर? सहा महिन्यांनी रेट वाढतो. आणि तक्रार आमच्याकडे नाही येत, फोनवर मशीन बोलतं." ही त्यांची जुनी रीत होती. एकच प्रश्न तीनदा विचारायचा आणि मध्ये चहा द्यायचा. तिला सोडायला ते फाटकापर्यंत गेले. वर येऊन म्हणाले, "मुलगी चांगली आहे. त्या कंपनीत टिकायची नाही."

दुसरी होती वायरलेस डब्याची योजना. आत सिमकार्ड, बाहेर तार नाही, खोदकाम नाही. दिसायला देखणा प्रकार. डबा विकत घ्यायचा, वर महिन्याचं भाडं, आणि ठरावीक वापर झाला की वेग मंद. काकांनी तो चार दिवस वापरायला मागून आणला आणि त्याचे पैसे भरले. घरातल्या प्रत्येक खोलीत तो ठेवून बघितला, कपाटावर, देव्हाऱ्याशेजारी, मोरीच्या कठड्यावर. समोर नवी उंच इमारत झाल्यापासून आमच्या इमारतीत मोबाइलचाच सिग्नल बेताचा, मग डब्याचं काय होणार? तो फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी थोडाफार बरा चाले. "सगळ्यात महाग हेच," काका म्हणाले. "भाडं घराचं भरायचं आणि राहायचं गच्चीवर."

तिसरी लाइन शेजारच्या इमारतीतल्या सीएच्या ऑफिसात चालू होती, ऑफिसांसाठीची राखीव. त्यात कोणी वाटेकरी नाही, 'पर्यंत' नाही, जेवढा वेग सांगितला तेवढा. तिचा दर काकांनी तीनदा विचारला, तिन्ही वेळा तोच आला. "एवढेच लोक खरं बोलतात," ते म्हणाले. "म्हणून परवडत नाहीत."

या सगळ्या जोडण्या ते कशा तपासत, ते सांगायला हवं. वेग मोजणाऱ्या ॲपवर त्यांचा विश्वास नव्हता. ते ॲप कोणाच्या पैशाने चालतं, हा त्यांचा प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. जिथे ती जोडणी चालू असेल तिथे जाऊन ते सरळ अनघाला व्हिडिओ कॉल लावत. अनघा त्यांची मुलगी, इंदूरला कर्णबधिर मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवते. तिला स्वतःला जन्मापासून ऐकू येत नाही. काकू गेल्यापासून घरात हे एकटे आणि तिकडे ती. नुसता फोन या दोघांच्या काही उपयोगाचा नव्हता. ती दोघं हातांनी बोलत. त्यातल्या कितीतरी खुणा शाळेतल्याही नव्हत्या, ती लहान असताना या घरात तयार झालेल्या होत्या. चित्र सेकंदभर अडकलं तर आपल्याला काही वाटत नाही, आवाज येत राहतो. यांचा मात्र तेवढा शब्दच जाई. त्यामुळे कंपन्यांची सगळी माणसं उतरत्या वेगाच्या गोष्टी सांगत आणि काका चढता वेग विचारत, घरातून बाहेर जाणारा. "तिचे हात मला दिसले, पण माझे तिला नाही दिसले, तर मी काय नुसता सिनेमा बघायचा?" ते म्हणत. अनघाशी बोलताना मात्र त्यांचा चेहरा पार बदलून जाई. तिला "आणि खरं काय?" असं ते कधी विचारताना मी बघितलं नाही.

राहिला संतोष. त्याच्याकडे काका सगळ्यात शेवटी वळले, आणि वळले ते वायरीच्या मागोमाग. प्रत्येक मजल्यावर त्याचा एक डबा होता. डब्यातून निघणाऱ्या वायरी आणि पैसे भरणारी घरं यांचा मेळ बसेना. काकांनी एक एक वायर बोटाने धरून, जिथे हात पोचत नव्हता तिथे काठीने टोचून, तिचं घर गाठलं. एक जादा वायर जगदाळ्यांच्या हॉलमध्ये गेली. दुसरी त्यांच्या भाच्याच्या मोबाइलच्या दुकानात, कुंपणावरून. तिसरी सेक्रेटरींकडे.

संतोषला त्यांनी जिन्यात गाठलं. मी दारात होते.

"तुम्ही या तीन ठिकाणचं बिल कोणाच्या नावावर करता?"

संतोषने इकडे तिकडे बघितलं. "काका, आता तुमच्यापासून काय लपवायचं? सगळ्या सोसायट्यांत असंच असतंय. आत शिरायचं तर कमिटीला कनेक्शन द्यावंच लागतं. मी नाही दिलं तर दुसरा देईल."

"आणि त्यांचे पैसे?"

"ते काय, बाकीच्यांच्यातनंच निघतात की."

"म्हणजे गद्रेबाई जगदाळ्यांचं नेट भरतात."

"थोडं थोडं सगळेच भरतात काका," संतोष म्हणाला. तो लबाड होता, पण विचारल्यावर सांगून टाकणाऱ्यांपैकी होता.

ही बातमी एका दिवसात इमारतभर झाली. लोकांच्या नजरा चुकवायला जगदाळे चार दिवस लिफ्टऐवजी जिन्याने गेले. आता संतोषचा बाजार उठणार आणि मोठ्या कंपनीचं फायबर येणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका उरली नव्हती. वरच्या जोडप्यांनी तर त्या कंपनीचा प्लॅनसुद्धा निवडून ठेवला.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल. काका उभे राहिले आणि प्रत्येक जोडणीचा खरा खर्च त्यांनी बोलून दाखवला. आगाऊ भरायचे पैसे किती काळ अडकतात, सहा महिन्यांनंतरचा दर काय, नेट बंद पडलं तर त्या दिवसांचे पैसे कोण देतो, सोडून जायचं तर कोणाची परवानगी लागते. सगळे माना डोलावत होते. मग ते म्हणाले, "माझी शिफारस संतोषची आहे."

वरच्या मजल्यावरच्या एकाने हातातला प्लॅनचा कागद खाली ठेवला.

"अटी चार," काका पुढे म्हणाले. "प्रत्येक घरात नवी फायबर. पैसे दर महिन्याला, आगाऊ काही नाही. बंद पडलं तर त्या दिवसांची कपात. आणि फुकट कोणालाही नाही. त्याने कबूल केलंय. दर कंपनीपेक्षा थोडा जास्त पडतो, पण वर्षाचा हिशेब केला तर कमी पडतो."

"अहो पण काका," वरच्या मजल्यावरची अमृता म्हणाली, "त्याच्यावर तर तुमचा काडीचाही विश्वास नाही!"

"नाहीच आहे. म्हणूनच. त्या कंपनीवर तुमचा सगळ्यांचा विश्वास आहे, त्यामुळे तिच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघणार नाही. संतोषवर आपलं बारा महिने लक्ष राहील. त्याचं दुकान भाजी मंडईमागे आहे, मला चालत जाता येतं. मशीनशी भांडायला मला जमत नाही."

मला विचाराल तर तसा शहाणपणाचा सल्ला त्या पार्किंगमध्ये आजवर कोणी दिला नसेल. पण मग जगदाळे हसले. ते खुर्चीत रेलून बसले होते आणि चार दिवस जिने चढल्याचा वचपा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"लिमयेसाहेब, एक विचारू का? आधी तुम्हीच त्याला चोर ठरवलंत. रोज संध्याकाळी मात्र त्याच्याच स्कूटरवर मागे बसून कुठे कुठे जात होतात, ते आम्हीही बघत होतो. आणि आता शिफारस त्याचीच." त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. "बरं. आणि खरं काय?"

हशा पिकला. अगदी अमृतासुद्धा हसली. काका ज्या गच्च्यांवर जाऊन संतोषच्या दुसऱ्या इमारतींतल्या वायरी तपासून आले होते त्या मला माहीत होत्या, मी ते सांगितलंही. पण हशात ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना गेलं त्यांना वाटलं, साक्षीदार पढवलेला आहे.

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. इतक्या वर्षांनी एकाने तरी योग्य प्रश्न विचारला, असं काहीतरी.

"प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही हाच विचारला असता. चौकशी नेमा. माझं बँकेचं पासबुक देतो, संतोषला बोलवा, त्याला माझ्यासमोर विचारा आणि माझ्या मागेही विचारा. समितीत गद्रेबाई नकोत, त्या माझ्या बाजूच्या आहेत. अध्यक्ष जगदाळेसाहेबच असू देत."

"अहो कसली चौकशी!" जगदाळे हात झटकून म्हणाले. "एवढी वणवण केलीत या वयात. सुटले असतील चार पैसे, तर सुटू देत की. आमची काही हरकत नाही. काय हो?"

"नाही, नाही, हरकत कसली!" चार-पाच जण एकदम म्हणाले. आणि खरं सांगते, ते प्रेमाने म्हणाले. लोकांना काका त्या क्षणी पहिल्यांदाच आपल्यातले वाटले.

"हरकत घ्या," काका म्हणाले.

"अं?"

"हरकत घ्या म्हणतोय मी. मी पैसे घेतले असतील तर तुम्हाला हरकत असायला हवी."

"काका, राहू द्या हो. आम्हाला चांगलं नेट मिळाल्याशी मतलब," कोणीतरी मागून म्हणालं. शिफारस एकमताने मंजूर झाली. टाळ्या वाजल्या. आभाराचा ठराव नको असं काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी तोही झाला. मग पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचा विषय निघाला. काका तसेच उभे होते. कोणीतरी त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

मला अजून त्या सगळ्यांचा राग येतो. संशय घेतला याचा नाही. संशय काकांनी आयुष्यभर स्वतःच घेतला होता, तो त्यांना कळत होता, त्याला तोंड देता येत होतं. त्यांना माफ करून टाकलं, याचा राग येतो. काकांनी पैसे घेतले नव्हते. म्हणजे मला तसं वाटतं, आणि "मला वाटतं" याला पुरावा म्हणत नाहीत हे मला त्यांनीच शिकवलंय. पुरावा गोळा करायची एकच वेळ होती आणि ती टाकीच्या साफसफाईत गेली.

संतोषचं नवं नेट आलं आणि उत्तम चाललं. लोक जिन्यात काकांना भेटले की म्हणत, "काय काका, झकास काम केलंत!" आणि बारीक डोळा मारत. तळमजल्यावरच्या एकांनी तर विचारलं, "तुमची त्याच्याशी ओळख आहे, आम्हाला जरा कमीत बसवा की." काका पायरीवर एक पाय ठेवून तसेच थांबत आणि मग वर येत. पुढच्या प्रत्येक सभेत ऐनवेळच्या विषयांत ते हात वर करत. "माझी चौकशी राहिलीय." पहिल्यांदा लोक हसले. मग जगदाळे तो हात दिसला की घड्याळाकडे बघून सभा संपवायला लागले.

संतोष सगळ्या घरांची जोडणी संपवून त्यांच्या दारी आला तेव्हा काकांनी दार अर्धंच उघडलं.

"माझ्याकडे नको."

"काका, पैसे घ्या की रीतसर. सगळ्यांसारखं बिल करतो."

"बिल तुम्ही कराल. पण तुमची वायर या दारातून आत आली की त्यांचं खरं ठरलं."

"मग अनघाताईंशी कसं बोलणार तुम्ही?" संतोषने विचारलं. त्याच्या आवाजात खरंच काळजी होती. काकांनी दार लावून घेतलं.

त्यांनी तो वायरलेस डबा घेतला. स्वतःच सगळ्यात महाग आणि सगळ्यात कुचकामी ठरवलेला. मी भांडले त्यांच्याशी. माझ्याकडचं वायफाय वापरा म्हटलं, जिन्यापलीकडे तर आहात. "पासवर्ड सांगू नका," ते घाईघाईने म्हणाले, आणि मी तो मोठ्याने बोलेन की काय या भीतीने त्यांनी चक्क कानावर हात ठेवले. "उद्या कोणी विचारलं, तर मला माहीत नाही असं म्हणता आलं पाहिजे."

पुढे घर भाड्याने देऊन ते इंदूरला गेले. जाताना जिन्यात बरेच जण जमले होते, जगदाळ्यांनी नारळ दिला आणि काकांनी तो तिथेच वॉचमनला देऊन टाकला. पण त्यांची आठवण आली की मला तो दिवस आठवत नाही. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातला एक रविवार आठवतो. मी गच्चीवर चादरी वाळत घालायला गेले होते. टाकीच्या कठड्यावर फोन उभा करून काका समोर उभे होते, शेजारी खुर्चीवर तो डबा, वरच्या मजल्यावरून ओढलेल्या लांबलचक वायरीसकट. कोणाच्या घरातून वीज घेतलीय आणि तिचे पैसे दिलेत का, हे विचारायची मला गरज नव्हती.

ते हातांनी काहीतरी सांगत होते आणि मध्येच थांबले. फोनमध्ये अनघाचा चेहरा अडकला होता, एक हात वर, बोटं अस्पष्ट. काकांनी आपले हात खाली घेतले नाहीत. ज्या शब्दावर तुटलं होतं त्या शब्दातच ते हात हवेत तसेच धरून उभे राहिले, चित्र हललं की तिथूनच पुढे चालू करता यावं म्हणून.

"काका, खाली चला ना माझ्याकडे," मी म्हटलं. "दहा मिनिटं बोला आणि जा. कोणाला कळतंय?"

"जगदाळे जिन्यात आहेत," ते म्हणाले. नजर फोनवरच होती. "येईल आता. ती तिकडे तशीच थांबलेली असते."

मी चादरी घातल्या, बादली उचलली आणि खाली आले. थोड्या वेळाने माझा वर्ग सुरू झाला आणि शेवटपर्यंत एकदाही अडकला नाही.